सायकलची पडशी

पडशी हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. माझ्या आजोळी दारामागच्या खुंटीला एक जाड्याभरड्या सुताची पडशी टांगलेली असायची. मधोमध कापडाचा रुंद पट्टा आणि त्याच्या दोन टोकांना दोन पोटं. खांद्यावर टाकली की एक पोट पुढे, एक पाठीमागे. घोड्यावर टाकली की एक डावीकडे, एक उजवीकडे. आजोबांकडे घोडा कधीच नव्हता, पण पडशी होती आणि ती भरायची त्यांची एक रीत होती. एका पोटात गूळ घातला तर दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर चालताना खांदा ओढतो. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ नेणारे लमाण गोणी टाकायचे तेही असेच, दोन्ही बाजूंचा तोल साधून.

तीन वर्षांपूर्वी मुलाच्या तोंडून मी ‘पॅनिअर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. सायकलच्या मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्या म्हणजे पॅनिअर. मूळ शब्द फ्रेंच, त्याच्या मागे लॅटिन, आणि अर्थ पावाची टोपली, असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, “म्हणजे पडशी की रे!” तो हसला. पण त्या क्षणी ती वस्तू मला परकी वाटायची थांबली. नाव ओळखीचं झालं की वस्तू निवडायला धीर येतो.

मला ती का निवडावी लागली ते आधी सांगते.

आम्ही बेळगावात सदाशिवनगरला राहतो आणि माझे वडील, अप्पा, शहापुरात. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. वय ८४. दादा बेंगळुरूला असतो. अप्पांना चालवून न्यायला तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी एकटाच परत जातो. अप्पांचं सगळं शहापुरात आहे. सकाळचं मंदिर, गल्लीतली चार माणसं, वाचनालयाचं पुस्तक आणि ओसरीवरची आरामखुर्ची. सकाळी ते स्वतःपुरता भात लावतात, पण संध्याकाळचं जेवण करायचं त्राण राहत नाही. आणि ते जेवण सूर्यास्ताच्या आत झालं पाहिजे, हा त्यांचा जन्मभराचा नेम. जूनमध्ये सूर्य सातपर्यंत थांबतो, डिसेंबरात सहालाच मावळतो. त्याप्रमाणे माझा डबा सरकतो. कधी साडेचारला निघते, कधी साडेपाचला. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. आठवड्याचे सातही दिवस.

स्कूटर घरात एकच आहे आणि ती ह्यांच्याकडे. रिक्षाला रोजचे दोन्ही वेळचे पैसे द्यायचे तर महिन्याचा हिशोब घाबरवतो. शिवाय साखरेमुळे डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि माझ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल मानवते. आरपीडी कॉलेजला असताना मी रोज सायकलवरूनच जायची. पन्नाशीनंतर पुन्हा बसले तेव्हा गल्लीतल्या पोरांनी थोडी मजा बघितली. आठ दिवसांत त्यांनाही सवय झाली.

एक गंमत सांगते. पिशव्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ‘रोजच्या प्रवासासाठी’ असं लिहिलेलं असतं आणि चित्रात एक तरुण पुरुष असतो. पिशवीत लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली. म्हणजे रोजचा प्रवास हा ऑफिसला जाणाऱ्याचा. मी आठवड्यात सत्तर किलोमीटर सायकल चालवते, ठरलेल्या वेळेला निघते, ठरलेल्या वेळेला पोचते, आणि तरी शेजारीण विचारते, “काय, फिरायला निघालीस काय?” मीही “जरा जाऊन येते” म्हणूनच निघते. आपणच आपल्या जाण्याला ‘जरा’ लावतो, मग दुकानदाराने आपल्यासाठी पिशवी का बनवावी?

मग मी ठरवलं, चित्र बाजूला ठेवायचं आणि आपण काय नेतो ते आधी बघायचं. एक आठवडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळं मोजलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले. चार खणांचा भरलेला डबा अडीच किलो. आमटीची वेगळी किटली पाऊण किलो. औषधं आणि अप्पांचे धुतलेले कपडे मिळून दीड किलो. दर तीन-चार दिवसांनी वाचनालयाचं पुस्तक. वाटेत घेतलेली भाजी आणि फळं, कधी एक किलो, कधी दोन. जाताना सरासरी सहा किलो भरायचे. येताना रिकामा डबा, मळलेले कपडे आणि पेरूच्या दिवसांत अप्पांच्या परसातले पेरू.

ह्या यादीने बरीच कामं सोपी केली. मोठ्या पिशव्यांची जोडी साधारण चाळीस लिटरची असते. लांबच्या सफरीवर निघालेला माणूस तंबू आणि अंथरूण नेतो, त्याला तेवढी जागा लागते. मला एका बाजूला वीस लिटर पुरेसे होते. लिटर म्हणजे किती ते कळत नसेल तर पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या ओळीने मांडून बघाव्यात. दहा बाटल्या मांडल्या की अंदाज येतो. पण लिटरपेक्षा महत्त्वाचा निघाला तो आकार. लॅपटॉपसाठी बनवलेली पिशवी उंच आणि चपटी असते. माझ्या डब्याचा व्यास साडेपाच इंच. तो तिच्यात जातच नव्हता, आणि आडवा घातला तर आमटी कपड्यांना लागलीच म्हणून समजा. मला बूड सपाट असलेली, डबा उभा राहील अशी पिशवी हवी होती. एवढं कळल्यावर दुकानातल्या निम्म्या पिशव्या न बघताच बाद झाल्या.

वजन सायकलवर कुठे ठेवायचं ह्याचाही विचार केला. आपल्याकडे पहिली जागा म्हणजे हँडल. पिशवीचा बंद हँडलला अडकवला की झालं. पण हँडलला लटकलेली पिशवी झोके घेते, वळताना हँडल तिच्यामागे ओढलं जातं आणि खड्डा आला की ती पुढच्या चाकाच्या तारांत शिरू बघते. पुढची जाळीची बास्केट त्यापेक्षा बरी, पण जड वस्तू घातली की वळण जड होतं आणि स्टँडवर लावलेली सायकल तोंड फिरवून पडते. पाठीवरची सॅक तरुणांना शोभते. माझ्या वयाला सहा किलो पाठीवर घेऊन कपिलेश्वरच्या पुलाचा चढ चढणं म्हणजे घामाने पाठ चिंब आणि खांदे भरून आलेले. कॅरिअरवर रबरी पट्ट्याने बांधलेला डबा चालतो, पण वजन उंचावर राहतं आणि सायकल डुलते. पडशीची युक्ती अशी की वजन खाली, चाकाच्या दांडीजवळ राहतं. सायकलला भार कळतो, पण तोल जात नाही.

आमच्या गावात ही युक्ती कुणाला शिकवायला नको. आसपासच्या खेड्यांतून दूध घेऊन येणाऱ्या गवळ्यांना मी लहानपणापासून बघत आले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे आणि त्यांना टांगलेल्या दुधाच्या किटल्या. एका घरी दूध घातलं की पुढच्या घरी दुसऱ्या बाजूच्या किटलीतलं घालायचं, म्हणजे दोन्हीकडचं वजन बरोबरीने उतरत जातं. चार वाजता उठून पंधरा-वीस किलोमीटर येणारे हे लोक खरे रोजचे प्रवासी. जाहिरातीत त्यांचंही चित्र नाही.

आता कॅरिअर. पिशवी कितीही चांगली असो, ती लटकते कॅरिअरवर. म्हणून आधी कॅरिअर बघावं आणि मग पिशवी. माझ्या सायकलचं कॅरिअर चपट्या पट्ट्यांचं होतं. तयार पिशव्यांचे आकडे गोल सळीसाठी केलेले असतात. आठ, दहा, बारा, फार तर सोळा मिलिमीटर जाडीची सळी त्यांत बसते. सळी बारीक असेल तर आकड्यात घालायला छोटे प्लास्टिकचे तुकडे मिळतात. ते घातले नाहीत तर पिशवी प्रत्येक खड्ड्याला खडखडते आणि एक दिवस उडते. चपट्या पट्टीवर मात्र काहीच धड बसत नाही. आमच्या सायकल मिस्त्रीने सळीचं कॅरिअर बसवून दिलं. त्यावर २५ किलोचा आकडा ठोकलेला आहे. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, हा आकडा गुळगुळीत रस्त्याचा. आपल्या रस्त्याला अर्धा धरा की.” मी अर्धा धरते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, कॅरिअरचे चार स्क्रू. महिन्यातून एकदा ते आवळायचे. भार वाहणाऱ्या सायकलचे तेच पहिले ढिले होतात.

दुसरी गोष्ट टाचेची. पिशवी फार पुढे बसली तर पायडल मारताना दर फेरीला टाच तिला लागते. एक-दोन फेऱ्यांना काही वाटत नाही, पाच किलोमीटरला माणूस वेडा होतो. लेडीज सायकलचं मागचं अंतर कमी असेल तर हे हमखास होतं. म्हणून पिशवी घ्यायला जाताना सायकल घेऊन जावं, डबा घेऊन जावं, आणि रोजची चप्पल पायात असावी. दुकानदाराला सायकल धरायला सांगून वर बसावं आणि पायडल उलटं फिरवून बघावं. मी असं केलं तेव्हा दुकानातला मुलगा जरा गोरामोरा झाला. साडी नेसलेली बाई दुकानाच्या दारात सायकलवर बसून उलटं पायडल मारते आहे हे त्याने पाहिलं नव्हतं. पण टाच कुठे लागते ते कळलं. पिशवीचा खालचा पुढचा कोपरा तिरका कापलेला असतो तो ह्याचसाठी, हेही तेव्हाच समजलं.

साडीवरून आठवलं. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते, पदर किंवा ओढणी तारांत जाऊ नये म्हणून. बाजूला पिशवी लटकली की तीही तेच काम करते, जाळीपेक्षा जास्त चांगलं. ही सोय कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली मला दिसली नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न पावसाचा होता. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश खाली उतरून बसतं. वरून येणारं पाणी एक, आणि चाकाने उडवलेलं खालून येणारं पाणी दुसरं. छत्रीचं कापड असतं तशा नायलॉनच्या पिशव्या ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकल्या जातात. कापडातून पाणी जात नाही हे खरं, पण शिलाईतून जातं. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक गळती. चेनमधूनही जातं. ह्या कापडाला आतून जो पातळ थर दिलेला असतो तो आपल्या उन्हाने आणि दमटपणाने काही वर्षांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. काही पिशव्यांबरोबर वरून घालायची पावसाची टोपी मिळते. ती वरचं पाणी अडवते, पण पाठीकडची बाजू उघडीच राहते.

ह्यावरचा उपाय काढला तो एका जर्मन माणसाने. हार्टमुट ऑर्टलीब हा तरुण १९८१ साली इंग्लंडात सायकलवरून फिरत होता. पावसात त्याचं सगळं सामान भिजलं. त्याने रस्त्यावरचे ताडपत्री घातलेले ट्रक पाहिले आणि मनात आलं, ट्रकचा माल कोरडा राहतो, मग माझा का नाही? १९८२ मध्ये त्याने त्याच ताडपत्रीच्या पिशव्या बनवायला सुरुवात केली. पुढे शिलाईच्या जागी ताडपत्री तापवून जोडली जाऊ लागली, म्हणजे सुईचं भोकच नाही. तोंडाला चेनही नाही. वरची कड तीन-चार वेळा गुंडाळायची आणि बाजूला अडकवायची. शेवयांची किंवा चहाची पुडी वापरल्यावर आपण तिचं तोंड गुंडाळून ठेवतो, तसंच. आता ह्या धर्तीच्या पिशव्या बऱ्याच जणांच्या निघतात, आपल्याकडेही मिळतात. मूळ जर्मन जोडीची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त होती, म्हणून तिचं फक्त कौतुक केलं.

दिसायला सगळ्यात देखण्या होत्या त्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या. मेंदी रंगाचं कापड, पितळी कड्या आणि तपकिरी पट्टे. मुलाने फोटो पाठवला तेव्हा ह्यांनाही आवडल्या. मी मोठं करून बघितलं, पट्टे चामड्याचे. तिथेच तो विषय संपला. आमच्या घरात चामडं येत नाही, आणि जी पिशवी अप्पांच्या स्वयंपाकघरात डब्यासकट उतरायची ती तर नाहीच नाही. ज्यांना हे पाळायचं आहे त्यांनी सायकलच्या बाबतीत पट्टे, हँडलच्या मुठी आणि सीट ह्या तीन जागा बघाव्यात. परदेशी जुन्या नावाजलेल्या कंपन्यांची सीट बहुधा चामड्याचीच असते. आपल्या साध्या सायकलींची सीट रेक्झिनची असते, त्यामुळे काळजी नाही.

हे सगळं चाललेलं असताना एक निराळीच घडामोड झाली. त्या जूनच्या शेवटी चार दिवस सलग पाऊस पडला आणि चारही दिवस मी रेनकोट घालून, डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, रबरी पट्ट्याने बांधून गेले. स्टीलच्या डब्याला पावसाचं काय? जेवण कोरडं होतं. पण कपडे ओले झाले आणि पुस्तक मी घरीच ठेवलं. अप्पांनी ओले कपडे हातात घेतले, दोरीवर टाकले आणि काही बोलले नाहीत. रात्री दादाचा फोन आला.

“अप्पा येतो म्हणालेत इकडे. स्वतःहून.”

“असं कसं एकदम?”

“तू रोज भिजत येतेस हे त्यांना बघवेना झालंय. म्हणाले, पोरीला माझ्यापायी कशाला दगदग.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आणि खरं सांगू काय अक्का, मलाही बरं नाही वाटत. ह्या वयात सायकल. लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मी दिलं नाही. मला दिसत होती बेंगळुरूच्या अकराव्या मजल्यावरची खोली. दादा-वहिनी दोघं दिवसभर कामावर आणि अप्पा खिडकीशी. तिथे त्यांना कुणी काही कमी करणार नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या माणसाने सतत शहापूर सोडायला नकार दिला तो आता केवळ माझ्या ओल्या पदराकडे बघून होकार देतो, हे मला पटेना. त्यांना जायचंच असेल तर त्यांच्या मनाने जाऊ देत, माझ्या रेनकोटामुळे नको. मी दादाला म्हटलं, “पंधरा दिवस थांब. मग बघू.”

तेव्हा पिशवीचा विषय हौसेचा राहिला नाही.

मी दोन बाजूंना दोन निराळ्या पिशव्या घ्यायचं ठरवलं. जोडीच पाहिजे असा काही नियम नाही. डाव्या बाजूला तयार, बिनशिलाईची, तोंड गुंडाळायची एकच पिशवी, वीस लिटरची. तिच्यात फक्त कोरडं राहायला हवं ते घालायचं. कपडे, औषधं, पुस्तक. उजव्या बाजूची पिशवी मी गावातच शिवून घेतली. ट्रकच्या ताडपत्र्या आणि गाड्यांच्या सीट शिवणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे डबाच घेऊन गेले. त्यांनी टेपने डबा मोजला, वर किटली ठेवून मोजली आणि विचारलं, “बूडात काय घालू, पुठ्ठा की प्लायवूड?” प्लायवूड घातलं. झाकण चारही बाजूंनी चार बोटं खाली येईल असं ठेवलं, घराच्या वळचणीसारखं. शिलाईतून थोडं पाणी जाणार हे त्यांनीच सांगितलं. स्टीलच्या डब्याला ते चालतं, म्हणून तळाला दोन भोकं ठेवली, आलेलं पाणी निघून जावं म्हणून. आकडे बनवून दिले मिस्त्रींनी, गवळ्यांच्या किटल्यांना असतात तसेच, सळी वाकवून. त्यावर जुन्या ट्यूबचं रबर चढवलं, म्हणजे खडखड नाही.

जड पिशवी उजवीकडे ठेवायचं कारण साधं आहे. साइड स्टँडवर सायकल डावीकडे कलते. वजन डावीकडे असेल तर ती तशीच आडवी होते. उजवीकडे असलं की सावरते. दोन्ही पिशव्यांच्या मागच्या बाजूला चकाकणाऱ्या पट्ट्या लावून घेतल्या, कारण परतताना डिसेंबरात अंधार होतो. मागचा लाल दिवा पिशवीआड जात नाही ना, हेही थोडं लांब उभं राहून बघितलं. मागच्या मडगार्डला खाली रबराचा तुकडा लावला, चिखल अडवायला. आणि रिकामी पिशवी एका हाताने निघते की नाही ते दहा वेळा काढून-घालून बघितलं. अप्पांच्या घराला पाच पायऱ्या आहेत, पावसात दोन हात मोकळे कुठले? पटकन निघणारी पिशवी चोरालाही पटकन काढता येते, म्हणून मंडईत उतरले की डावी पिशवी खांद्याला लावूनच फिरते. डब्याची जागची हलत नाही. आमटीचा वास येणारी पिशवी अजून कुणी नेलेली नाही.

जुलैत पहिला मोठा पाऊस लागला तेव्हा मी मुद्दाम वाचनालयातून पुस्तक घेतलं. चारशे पानी, बांधणी जुनी, एकदा भिजलं तर परत करता न येणारं. चन्नम्मा सर्कलला पोचेपर्यंत समोरचं दिसेना. कपिलेश्वरच्या पुलावर उतरून सायकल हातात धरून चालले, कारण वाऱ्याने कललेल्या सायकलशी भांडण्यात अर्थ नव्हता. अप्पा ओसरीवर उभे होते. मी डावी पिशवी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि रेनकोट काढायला लागले. त्यांनीच तिचे अडकवलेले बंद सोडले. गुंडाळी एकेक करून उलगडली, शिक्षकाने वहीचं पान उलटावं तशी. पुस्तक बाहेर काढलं. वरून हात फिरवला, मधली पानं बोटांनी चाळली, कपडे दाबून बघितले. मग पिशवी पालथी करून आत बघितलं.

“बरी आहे की ही,” म्हणाले.

जेवताना बेंगळुरूचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघताना मला म्हणाले, “ह्याचा दुसरा भाग आहे. मिळाला तर बघ.” चारशे पानं वाचायला अप्पांना तीन आठवडे लागतात. मी दादाला फोन करून एवढंच सांगितलं की दुसरा भाग मागितलाय. त्याला जे समजायचं ते समजलं. दसऱ्याला तो नेहमीसारखा आला आणि नेहमीसारखा एकटा गेला. पुढचं पुढे. उद्या अप्पांचे पाय चालेनासे झाले तर पिशवी काही करू शकणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

तीन पावसाळ्यांचा अनुभव गाठीशी आहे तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. पाणी आत न येऊ देणारी पिशवी आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओला रुमाल आत राहिला तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. घरी आल्यावर तोंड उघडून पालथी घालायची. आमटी सांडलीच तर ताडपत्री नळाखाली धुतली की झालं. कापडी पिशवीला हिंगाचा वास महिनाभर राहिला असता. तोंड नीट तीन वेळा गुंडाळलंच पाहिजे. घाईत एकदाच गुंडाळलं तर ती आणि साधी पिशवी सारखीच. उन्हाळ्यात सायकल सावलीत लावायची, ताडपत्रीलाही ऊन बाधतं. आणि पिशवी मोठी असली म्हणून भरायची नाही. जागा दिसली की आपण काहीतरी आठवून टाकतोच. अप्पांनी आयुष्यभर आम्हाला परिग्रहाबद्दल जे सांगितलं, ते मला पुलाच्या चढावर सगळ्यात चांगलं कळतं.

हल्ली गल्लीतल्या दोघी-तिघींनी सायकली काढल्या आहेत. त्या येऊन विचारतात, “तुझ्यासारखी पिशवी कुठं मिळेल?” मी दुकानाचं नाव सांगत नाही. म्हणते, आठ दिवस काय काय नेतेस ते लिही, वजन कर, आणि कागद घेऊन ये. एक जण खरंच घेऊन आली. रोज मुलीचा डबा शाळेत, सासूबाईंचं फिजिओथेरपीचं सामान, आणि आठवड्यातून दोनदा दळण, आठ किलो. यादी लिहिताना तिलाच आश्चर्य वाटलं होतं. म्हणाली, “मी रोज एवढं वाहते हे मला ठाऊकच नव्हतं बघ.”

आम्ही ती यादी घेऊन तिच्या सायकलजवळ गेलो. डब्यासाठी आणि सामानासाठी एक पिशवी पुरेल. दळणाचा डबा मात्र कॅरिअरवरच बांधायला लागेल, आणि त्याआधी ते कॅरिअर बदलायला लागेल. स्क्रू चारातले दोनच होते.